बांधावरचं घर

इथे तालुक्याला विलायत म्हणतात.
आईला फोनवर सांगितलं, दोन विलायतींचं पाणी माझ्याकडे,
तर ती शेजारी काय सांगून आली देव जाणे.

सोहारच्या बाहेर, टँकर कंपनीत,
माझं टेबल एसीच्या अगदी तोंडाशी.
एका स्क्रीनवर सत्तावीस टँकर सरकत असतात,
दुसरीवर टाक्या, मीटर, थकबाकी,
थरावर थर, कांद्यासारखे,
फक्त डोळ्यांत पाणी येत नाही.

काम एवढंच: सर्वांत जवळचा रस्ता काढायचा,
डिझेल वाचवायचं.
पहिल्याच महिन्यात वाचलं.
थंकच्चन साहेबांनी सगळ्यांना बिर्याणी दिली.

फक्त एकोणीस नंबर
रोज सव्वादहाला रस्ता सोडायचा,
रिकाम्या रानात अकरा मिनिटं उभा राहायचा
आणि परत यायचा, चारशे लिटरने हलका.
"चोरी," साहेब म्हणाले. "जाऊन बघ."

दाद करीम, तुरबतचा बलोच,
मला शेजारी बसवून निघाला. वाटेत एक शब्द नाही.
खडी. घाफचं एक झाड. बऱ्याच वेळाने दुसरं.
मग पत्र्याचं छप्पर, निळं पिंप, बकऱ्या,
आणि दारात शम्सा बिन्त हमूद.
"बलदिया?" तिने माझ्याकडे बोट करून विचारलं.
"नाही," तो म्हणाला, "नकाशा."
ती हसली असावी. मुखवट्यामागे कळत नाही.
एक बकरी माझ्या जीपीएसची दोरी चावत होती.

ऑफिसात येऊन बिंदू टाकला,
तर म्हातारी कुठेच पडेना.
डावी विलायत तिच्या चुलीअलीकडे संपत होती,
उजवी गोठ्यापलीकडे सुरू होत होती.
मधे चाळीस मीटरची फट:
कुणीतरी दोन वेगळ्या वर्षी
दोन वेगळ्या कंटाळलेल्या दुपारी
ओढलेल्या रेघा, एकमेकींना न भेटलेल्या.

अण्णा भूमी अभिलेखात होते, संगमेश्वरला.
साखळीने खांद्याला घट्टे पडलेले.
चतुःसीमा लिहिताना त्यांचं अक्षर एकदम सावध व्हायचं:
पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस घाग यांची पडीक जमीन.
म्हणायचे, बांध दोघांचा असला की भांडण,
कुणाचाच नसला की गवत.

शम्साची चतुःसीमा मी मनात मांडून पाहिली.
पूर्वेस कोणी नाही.
पश्चिमेस कोणी नाही.
उत्तरेस डोंगर, तोही नोंदीबाहेर.
दक्षिणेस टँकर, सव्वादहा वाजता.

दुरुस्ती सोपी असते.
सॉफ्टवेअर विचारतं: टॉलरन्स किती?
म्हणजे, किती सहन करू?
मी लिहिलं, पन्नास मीटर.
रेघा चिकटल्या.
उजव्या विलायतीला एक घर मिळालं,
घराला नंबर,
एकोणीस नंबरचा रस्ता लालाचा हिरवा झाला,
दाद करीमची नोकरी राहिली.
त्या रात्री मी छान झोपलो, हेही इथे लिहायला हवं.

पुढच्या महिन्यात थकबाकीच्या थरात
एक नवा ठिपका.
फटीला बिल येत नव्हतं.
घराला येतं.

चावी जमा करताना दाद करीम म्हणाला,
"भाईसाब, बुढिया को आपने ढूँढ निकाला."
शाबासकी होती की दुसरं काही,
त्याच्या आवाजावरून ठरवता आलं नाही.
सव्वादहाला आता तो नाकासमोर जातो.

थर बंद केला की ठिपका जातो.
उघडला की तिथेच.
मी दिवसातून दोनदा तरी करून बघतो.

अण्णांच्या साखळीची एखादी कडी ताणली गेली
तर ते मोजणीच्या वहीत शेवटी लिहून ठेवायचे:
आज साखळी अर्धा बोट लांब आहे.
माझ्याकडेही एक रकाना आहे, शेरा नावाचा,
दोनशे पंचावन्न अक्षरांचा. कोणी वाचत नाही.
शम्साच्या ओळीत तो रिकामा होता.
मी लिहिलं:
सीमा मी सरकवली. पिंप निळं आहे.
दोरी चावणारी बकरी पांढरी, एक शिंग मोडकं.
सेव्ह.